पाणी तपासा, माणूसही तपासा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात कोहळ्यांनी पाळी घालून पाणी अडवले, ढिवरांनी त्यात मासे राखले आणि धानाची शेती त्या पाण्यावर उभी राहिली. १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला. त्यामुळे इथले पाणी म्हटले की बाहेरच्या माणसाला तलाव आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारे पक्षी आठवतात. प्रत्यक्षात या परिसरातला पिण्याचा हंडा आता बहुतांशी हातपंप, बोअर आणि नळावर भरला जातो.

हा बदल भल्यासाठीच झाला. उघड्या पाण्यातून हगवण, कावीळ आणि विषमज्वर पसरत. जमिनीखालच्या पाण्याने तो धोका पुष्कळ कमी केला. पण वर्षानुवर्षे खडकात मुरलेले पाणी त्या खडकातले थोडेफार बरोबर घेऊन येते. लोह आले तर लगेच कळते: पाणी तांबूस दिसते, भांड्याला डाग पडतात, भाताचा रंग बदलतो आणि बायका तो हातपंप सोडून दुसरीकडे जातात. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम किंवा युरेनियम यांचे तसे नाही. धोकादायक प्रमाणातही त्यांना रंग नसतो, वास नसतो, चव नसते. ज्या पाण्याला गाव ‘गोड पाणी’ म्हणते, त्यातही ते असू शकतात. जिभेची पारख इथे उपयोगी पडत नाही. मोजणी हाच एक मार्ग उरतो.

बंगालने या गोष्टीची फार मोठी किंमत दिली. पटकी आणि हगवण टाळण्यासाठी तिथे गावोगावी कूपनलिका घातल्या गेल्या. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवर डाग आणि तळहातांवर कठीण गाठी घेऊन येणारे रुग्ण पाहिले आणि ते आर्सेनिकचे बळी असल्याचे ओळखले. बांगलादेशात तर १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने भूजलातील अनेक घटक तपासले, पण आर्सेनिक तपासलेच नाही. त्या अहवालाने दिलेली निश्चिंती खोटी ठरली. पीडितांच्या वतीने इंग्लंडमध्ये दावा दाखल झाला आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूबद्दल कोणी काहीही म्हणो, त्यातून आपण एक धडा घेतलाच पाहिजे. जे तपासलेच गेले नाही, ते अहवालात ‘नाही’ म्हणूनच वाचले जाते.

गोंदियाकरांना हे दूरचे वाटू नये. नवेगाव बांधपासून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा नावाचे गाव आहे. हा भाग पूर्वी राजनांदगाव जिल्ह्यात होता. जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिथल्या विहिरी आणि कूपनलिकांत मर्यादेच्या कैक पट आर्सेनिक असल्याचे आणि माणसांच्या अंगावर त्याची लक्षणे असल्याचे प्रसिद्ध केले. तिथे कारखाना नव्हता. आर्सेनिक डोंगरगड-कोटरी पट्ट्यातील प्राचीन खडकांतून पाण्यात उतरले होते. खडकांचे पट्टे राज्याच्या सीमेवर थांबत नाहीत, एवढे कारणही सीमेच्या अलीकडचे पाणी कसून मोजायला पुरेसे आहे. यात नवेगाव बांधच्या पाण्यावर आरोप नाही. शेजारच्या घरात साप निघाल्यावर आपल्या घरातही दिवा लावून पाहावे, इतकीच ही मागणी आहे.

मागणीचे दोन भाग आहेत. पहिला, पाण्यातले धातू मोजा. दुसरा, जिथे धातू सापडतील तिथे ते पाणी पिणाऱ्यांच्या पेशींतील डीएनएला इजा होते आहे का, हे तपासा. आणि या दोहोंच्या मागे एक अट आहे: दुसऱ्या तपासणीचा निकाल येईपर्यंत पहिल्या तपासणीत दोषी ठरलेले पाणी कोणालाही पाजू नका. या अटीवर पुढे पुन्हा येईन, कारण सगळा वाद तिथेच आहे.

धातू डीएनएला इजा कशी करतात, ते आधी पाहू. सहा संयुजेचा क्रोमियम पेशीत सहज शिरतो, कारण त्याच्या रेणूची घडण सल्फेटसारखी असते आणि पेशीची सल्फेटसाठी असलेली वाट त्याला खुली मिळते. आत गेल्यावर त्याचे तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर होते आणि तो थेट डीएनएला चिकटतो. आर्सेनिकची रीत वेगळी आहे. ते डीएनएवर थेट घाव घालण्यापेक्षा पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढवते. शिवाय तुटलेला डीएनए जोडणाऱ्या काही प्रथिनांमध्ये जस्ताचा अणू असतो, त्याची जागा घेऊन आर्सेनिक ती प्रथिने निकामी करते. कॅडमियमही दुरुस्तीच्या कामात अडथळा आणते. म्हणजे घाव वाढतात आणि त्याच वेळी मलमपट्टी करणारे हात बांधले जातात. म्हणूनच दोन-तीन धातू थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र आले, तर त्यांचा परिणाम एकेकट्या धातूच्या आकड्यावरून ओळखता येईलच असे नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे. आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी लिटरला १० मायक्रोग्रॅम, कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम, एकूण क्रोमियम ५० मायक्रोग्रॅम. पाणी त्या मर्यादेत असेल तर माणसाच्या पेशी तपासण्याची गरज काय? आक्षेप वाजवी आहे आणि त्याचे उत्तर मर्यादेच्या इतिहासात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने आर्सेनिकची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा १९९३ मध्ये घातली आणि ती ‘तात्पुरती’ म्हणून घातली. त्याहून कमी आर्सेनिक खात्रीने मोजणे आणि पाण्यातून काढणे कठीण असते, हे तिचे मोठे कारण होते. त्याखाली धोका शून्य होतो, असे ती संघटना म्हणत नाही. दुसरे असे की मर्यादा एकेका धातूची आहे, माणूस मात्र सगळे धातू एकाच घोटात पितो. तिसरे, आपल्या भागात पाणी केवळ प्यायले जात नाही, त्यात भात शिजतो आणि पेजही प्यायली जाते. तांदळाबरोबर शिजलेले पाणीही पोटात जाते, आणि हिशेब करताना पेल्यातले पाणी तेवढे धरले जाते.

आता तपासण्या. ‘डीएनए तपासणी’ म्हटले की लोकांना वंश, पितृत्व किंवा पोलीस तपास आठवतो. इथल्या तपासण्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. पहिली आहे कॉमेट चाचणी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपट्टीवर अॅगरोजच्या पातळ थरात बसवतात, पेशींची आवरणे विरघळवतात आणि त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. डीएनए अखंड असेल तर तो जागच्या जागी गोळ्यासारखा राहतो. तुटलेला असेल तर तुकडे धन ध्रुवाकडे सरकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूची शेपटी दिसते. शेपटी जितकी दाट, तितकी इजा जास्त. आज सर्वत्र वापरली जाणारी या चाचणीची पद्धत नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. तिचा गुण म्हणजे ती संवेदनशील आहे. तिची मर्यादा म्हणजे यातली बरीचशी इजा पेशी काही तासांत दुरुस्त करते, त्यामुळे ती मुख्यतः अलीकडचीच गोष्ट सांगते.

दुसरी आहे सूक्ष्मकेंद्रक चाचणी. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला, तर तो मुख्य केंद्रकाबाहेर एका छोट्या केंद्रकाच्या रूपात दिसतो. असे किती पेशींत दिसते, ते मोजायचे. यासाठी रक्त घ्यावेच लागते असे नाही. गालाच्या आतल्या बाजूने लाकडी पट्टी फिरवून निघालेल्या पेशींवरही ती करता येते, लघवीतून पडणाऱ्या मूत्राशयाच्या पेशींवरही. फक्त डीएनएलाच रंगवणारे रंजक आणि चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि लागते डोळ्यांत तेल घालून हजारो पेशी मोजणारे माणूस. २००७ मध्ये दहा देशांतल्या सुमारे ६,७०० लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तपेशींत सूक्ष्मकेंद्रके जास्त असलेल्या गटात पुढे कर्करोगाचे प्रमाणही जास्त आढळले. म्हणून ही चाचणी नुसते प्रयोगशाळेतले कुतूहल राहत नाही.

या चाचण्यांनी प्रत्यक्ष माणसांबद्दल काय सांगितले? कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेत डॉ. अशोक गिरी यांच्या गटाने पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्यांच्या रक्ताच्या, तोंडाच्या आणि मूत्राशयाच्या पेशी तपासल्या. तिन्ही ठिकाणी सूक्ष्मकेंद्रके वाढलेली होती. त्वचेवर लक्षणे असलेल्यांत ती जास्त होती. पण तेच पाणी पिणारे आणि अंगावर एकही डाग नसलेले जे लोक होते, त्यांच्यातही स्वच्छ पाणी पिणाऱ्यांपेक्षा ती अधिक होती. याचा अर्थ गंभीर आहे. डाग दिसत नाहीत म्हणून गाव सुरक्षित, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

चिलीतला पुरावा मला त्याहून मोलाचा वाटतो. तिथे लिटरला सुमारे ६०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी पिणाऱ्या पुरुषांच्या मूत्राशयाच्या पेशी तपासल्या, त्यांना आठ आठवडे ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी दिले आणि पुन्हा तपासल्या. सूक्ष्मकेंद्रके घटली. धूम्रपान न करणाऱ्यांत ही घट स्पष्ट होती. त्याच देशातल्या अंतोफागास्ता शहराची दुसरी कथा मात्र वेगळीच आहे. तिथे १९५८ ते १९७० या काळात लोकांनी अत्यंत आर्सेनिकयुक्त पाणी प्यायले. मग शुद्धीकरण केंद्र आले, तरी फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढची कित्येक दशके चढेच राहिले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तपासणीचे प्रयोजन कळते. पेशीतली इजा आठवड्यांत कमी होऊ शकते. कर्करोगाची मोजणी करत बसलो, तर उत्तर मिळते तेव्हा एक पिढी गेलेली असते.

तरीही अशा अभ्यासाबद्दल उत्साहाने बोलणाऱ्यांनी दुसऱ्या आक्षेपाला तोंड दिलेच पाहिजे. डीएनएची इजा पाण्याचीच कशावरून? पूर्व विदर्भात हा प्रश्न फार टोकदार आहे. इथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि तो दिवसभर गालात राहतो. सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगजनक आहेत. ज्या गालाच्या पेशी आपण काचपट्टीवर घेणार, त्याच गालात खर्रा असतो. तेंदूपत्त्यावर अनेक घरे चालतात, बिड्या वळणाऱ्या बायका तंबाखूच्या धुळीत बसतात. धानावर तुडतुडे आले की फवारणी होते आणि ती बहुधा उघड्या तोंडाने होते. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या आजारात पेशींवर ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा ताण मुळातच जास्त असतो, आणि त्यावर दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे उपयुक्त औषधही डीएनएवर परिणाम करते. वय वाढते तशी सूक्ष्मकेंद्रके वाढतात. हे सगळे बाजूला ठेवून कोणी दोन गावांतल्या काचपट्ट्या तपासून ‘पाण्याने डीएनए बिघडला’ असा मथळा दिला, तर तो पाण्यावरही अन्याय आणि विज्ञानावरही.

पण या अडचणीमुळे अभ्यास अशक्य होत नाही. तो नीट करावा लागतो, इतकेच. तुलनेचा गट असा हवा की लोक तेच, शेती तीच, सवयी त्याच, आणि फरक पाण्याचा. खर्रा, बिडी, फवारणी, औषधे आणि क्ष-किरण तपासण्या यांची नोंद प्रत्येकाची हवी. खर्रा न खाणाऱ्यांचा हिशेब वेगळा हवा आणि गालाबरोबर मूत्राशयाच्या किंवा रक्ताच्या पेशीही हव्यात. लघवीतले आणि नखांतले धातू मोजले की धातू शरीरात खरोखर गेला का, ते कळते. लघवी गेल्या काही दिवसांची गोष्ट सांगते, नखे गेल्या काही महिन्यांची. काचपट्ट्यांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक हवेत, म्हणजे मोजणाऱ्याला कोणती पट्टी कोणत्या गावची हे कळणार नाही. धातू वाढत जातो तशी इजा वाढत जाते का, हे पाहायचे. आणि शेवटी, चिलीत झाले तसे, स्वच्छ पाणी दिल्यावर इजा उतरते का, हे पाहायचे. या कसोट्यांवर टिकणारे उत्तर कोणत्याही कार्यालयात आणि न्यायालयात टिकेल.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. जिथे पाण्यातल्या धातूंचीच नियमित मोजणी होत नाही, तिथे डीएनएच्या गप्पा कशाला? जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. गावोगावी महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. ते मोलाचे काम आहे. पण त्या संचात मुख्यतः सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेले क्लोरीन अशा गोष्टी कळतात. शिसे किंवा कॅडमियम मायक्रोग्रॅममध्ये मोजायला मोठे उपकरण लागते. नमुनाही नीट घ्यावा लागतो. बाटली आम्लाने धुतलेली हवी आणि पाण्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब हवेत, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल निर्दोष येतो. नळाचे पाणी असेल तर पहाटेची पहिली धारही घ्यावी, कारण रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात खडकाऐवजी नळजोडण्यांतले धातू उतरलेले असू शकतात. पीव्हीसी नळांमधील शिशावर आपल्या देशात २०२१ मध्ये नियम करावे लागले, ते उगाच नाही. म्हणून क्रम स्पष्ट असावा: आधी सर्व स्रोतांतील धातूंची मोजणी, मग शंकास्पद स्रोतांवरच्या माणसांची तपासणी.

हे करायला परदेशी जावे लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर पाण्याचे नमुने घेतेच. पिण्याच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे शास्त्र हाच जिचा जन्महेतू, ती नीरी ही संस्था १९५८ पासून नागपुरात आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. काचपट्टी, रंजक आणि सूक्ष्मदर्शक ही तिथल्या विद्यार्थ्यांची रोजचीच साधने आहेत.

आता ती अट. प्रशासनाला आणि कधी कधी संशोधकांनाही एक मोह होतो: ‘आधी अपाय सिद्ध होऊ द्या, मग पाहू.’ ही भूमिका नीतीने चुकीची आहे आणि कायद्यानेही. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार प्रकरणात म्हटले. १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व मान्य केले आणि आपल्या कृतीने अपाय होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी करणाऱ्यावर टाकली. पाण्यात धातू मर्यादेपेक्षा जास्त निघाला, की स्रोत बदलण्यासाठी तेवढे कारण पुरे आहे. त्यानंतर कोणाच्या गालाची पेशी पुरावा म्हणून मागू नये. डीएनए तपासणीचे काम वेगळे आहे. मर्यादेच्या आसपास किंवा तिच्याखाली, अनेक धातू मिळून काय होते, हे ती सांगते. आणि आपण केलेला उपाय शरीरापर्यंत पोहोचला का, हेही सांगते. गाळणी बसवली, फलक लावला, उद्घाटन झाले, याने पेशीचे समाधान होत नाही.

लोकांशी कसे वागायचे, हेही यातच येते. सिकलसेलच्या तपासण्यांनंतर मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरे गप्प बसतात, हे या भागाने पाहिले आहे. ‘डीएनए बिघडला’ हा शब्द गावात सुटला, तर त्याहून मोठी भीती पसरेल. म्हणून पहिल्या दिवशीच सांगावे लागेल की या चाचण्या आनुवंशिक आजार ओळखत नाहीत. त्या गालाच्या, मूत्राशयाच्या किंवा रक्ताच्या पेशींतली इजा मोजतात आणि ती मुलाबाळांकडे जात नाही. एकट्या माणसाच्या आकड्यावरून त्याला कर्करोग होईल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. आकडा बोलतो तो गटाबद्दल, गावाबद्दल. संमती मराठीत आणि जिथे गरज असेल तिथे गोंडीत समजावून घ्यावी. निकाल आधी ग्रामसभेत सांगावा, नियतकालिकात नंतर छापावा. नमुने नेले आणि संशोधक पुन्हा फिरकलेच नाहीत, अशी तक्रार आदिवासी गावांकडून ऐकू येते. ती आणखी एका गावाची होऊ नये.

तेव्हा नवेगाव बांध आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन ओळींचा ठराव करा: गावातल्या प्रत्येक पिण्याच्या स्रोताची आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि युरेनियमसाठी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तपासणी व्हावी, तिचे आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहिले जावेत, आणि कोणताही धातू मर्यादा ओलांडेल त्या दिवशी तो स्रोत बंद करून पर्यायी पाणी द्यावे. संशोधन संस्थांना विनंती आहे की त्यांनी हा ठराव हाती घेऊन यावे आणि पेशींची तपासणी वर सांगितलेल्या शिस्तीने करावी. पाणी निर्दोष निघाले, तर तो निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे, कारण तो मोजून काढलेला असेल. आणि दोष निघाला, तर तो आजार होऊन बाहेर येण्याआधी आपल्या हाती असेल.